वीणेचा पहारा

यंदाच्या सप्ताहात पोपट हवालदाराला वीणेचा पहारा द्यायचं कमिटीनं ठरवलं आणि ते सांगायला खुद्द गावपुढारी भाऊ त्याच्या दारात आला. भाऊ सहसा कुणाच्या दारात जात नसे. लोकच त्याच्या ओट्यावर जाऊन बसत, चहाची वाट बघत आणि बहुतेक वेळा चहा न घेताच उठत. त्यामुळं त्याची पांढरी गाडी गल्लीत शिरली तेव्हा पोपटच्या बायकोनं, वासंतीनं, आधी दारातल्या चपला बाजूला केल्या आणि मग मनात म्हटलं, आता काय मागायला आलाय हा.

भाऊ आत आला नाही. मोबाइलवरच्या माणसाला थांबायला सांगून तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"हवालदार, दुपारचा पहारा तुझा. जेवनावळ उठली का उभा राहायचा. उन्हा कलली का आमचा पुतन्या संदेश येल सोडवायला. गावाचा मान हाय, नाय बोलू नको."

पोपट नाही काय म्हणणार? सतरा वर्षं फौजेत काढलेला, गुडघ्यात लोखंडी पट्टी घेऊन परत आलेला हा माणूस आपल्याहून लहान असलेल्या भाऊच्या पायाकडं वाकला. भाऊनं पाय मागं घेतले नाहीत. उलट जरा पुढंच केले, म्हणजे त्याला लांब वाकायला नको.

खरवडी हे गाव खडवली स्टेशनपासून टमटमनं गेलं की लागतं. वर गावठाण, त्याच्यावर टेकाडाला भाऊचं फार्महाउस, आणि खाली उतारावर कातकऱ्यांचा पाडा. पाड्याच्या पलीकडं वीटभट्ट्या. चैत्रात भट्ट्या पेटलेल्या असतात, वारा पडला की धूर पाड्यावरच बसून राहतो, आणि गावातली माणसं म्हणतात, त्यांना सवय हाय.

पोपटचा बाप देशावरचा, नारायणगावाकडचा. मोहन्याच्या कंपनीत लागला आणि खरवडीत जागा घेऊन राहिला. पोपट इथंच जन्मला, इथल्या शाळेत शिकला, इथूनच भरतीला गेला. तरी गावाच्या लेखी तो घाटीच. फौजेतून सुट्टीवर यायचा तेव्हा मात्र त्याला फार मान असे. संध्याकाळ झाली की एकेक माळकरी हळूच मागच्या दारानं यायचा, 'पोपटराव, काश्मीर कसं काय' असं विचारायचा आणि कँटीनची बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळून न्यायचा. बायकोच्या कंबरेला चोळायला हवी, असं सगळेच सांगायचे. खरवडीतल्या बायकांच्या कंबरा त्या काळात फारच दुखत होत्या.

निवृत्त झाल्यावर पोपटनं टिटवाळ्याला एका कीर्तनात बसून ढसाढसा रडून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तुळशीची माळ घातली. कीर्तन म्हणजे त्याचा जीव. टाळ वाजू लागले की फौजेतलं ताठपण त्याच्या अंगातून निघून जायचं आणि तो लहान पोरासारखा मान हलवत बसायचा. बुवा अभंगाचं चरण तिसऱ्यांदा घोळवायचे तेव्हा याचे डोळे वाहत असायचे. ते रडणं खरं होतं. गावाला मात्र एवढंच दिसलं, की कँटीनची बाटली बंद झाली. त्या दिवसापासून पोपटरावचा पोपट झाला.

पुढं माजी सैनिकांच्या जागेवर त्याला पाणीपुरवठ्यात नोकरी लागली, व्हॉल्व्हमनची. खाकी शर्ट आणि खांद्यावर टी-च्या आकाराची लोखंडी चावी, चांगली छातीएवढी उंच. पाड्याच्या वाटेवर सिमेंटची एक चौकोनी चेंबर होती, तिच्यात दोन व्हॉल्व्ह. एक वरच्या लाइनचा, एक पाड्याचा. वरचा दिवसभर चालू असे. उन्हं कलली, भट्टीवरून बाया सुटल्या, की पोपटनं तिथं जायचं, वरचा बंद करायचा, पाड्याचा खोलायचा आणि अंधार पडता पडता पुन्हा उलट. पाड्याच्या वाट्याला दिवसाकाठी तेवढंच पाणी. पोपट गेला नाही, तर ते आपोआप वरच चढत राहणार.

वरच्या लाइनीच्या शेवटाला भाऊचं फार्महाउस होतं. यंदा त्यानं तिथं पोहण्याचा तलाव बांधला होता. शनिवारी-रविवारी कल्याण-डोंबिवलीची पोरं गाड्या घेऊन येत, बियर पीत आणि चड्डीवर तलावात उड्या मारत. ती दिवसाकाठी कितीतरी पाणी बाहेर उडवत असत.

भाऊ गेल्यावर वासंती म्हणाली, "तुमचा पहारा सुटायचा आणि पाड्याचं पाणी सोडायचं, एकच वेळ आहे. कळलं ना?"

"संदेश वेळेवर येईल," पोपट म्हणाला.

"संदेश स्वतःच्या लग्नाला वेळेवर आला नव्हता."

त्यांची मुलगी रुचिता कल्याणला एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती आरशासमोर केस बांधत होती. वळूनसुद्धा न बघता ती बोलली, "बाबा, दुपारचा पहारा आजपर्यंत कुणी मागून घेतलाय का गावात? पत्र्याखाली कोण उभं राहणार? तुम्हाला मान नाही दिला, ऊन दिलंय."

पोपट हसला. त्यानं पेटीतला पांढरा सदरा काढला आणि इस्त्री गरम करायला लावली. इतका शहाणा माणूस, पण कुणी चार माणसांत नाव घेतलं की पाघळायचा. ही भूक फौजेतही भागली नव्हती आणि गावात तर तिला कधी घासच मिळाला नव्हता.

सप्ताह सुरू झाला. मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मांडव, कडेला फडक्यांच्या झालरी, आणि मांडवाच्या तोंडाशी भाऊचा हात जोडलेला मोठा फोटो. त्या मानानं मारुतीचा फोटो लहान होता. सप्ताहाचा नेम असा की एकदा वीणा उभी राहिली की सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबवायचं नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोपटला हे नवीन नव्हतं. राजौरीला त्यानं असेच पहारे केले होते, फक्त खांद्यावर दुसरं काही असायचं.

पहिल्या दिवशी तो आंघोळ करून, गंध लावून, अनवाणी आला. पाया पडून त्यानं वीणा गळ्यात घेतली. जेवणावळ उठली होती, पत्रावळ्यांवर कुत्री भांडत होती, मांडवात आचाऱ्याची माणसं आडवी पडली होती. नाम घ्यायला तो एकटा, आणि खांबाला टेकून बसलेले म्हातारे विश्रामबुवा. विश्रामबुवा गावातले सगळ्यात जुने टाळकरी. त्यांचे गुडघे गेलेले होते, पण टाळ हातातून सुटत नव्हता. झोपेतसुद्धा ते बरोबर ठेक्यावर वाजवत.

पत्रा तापला. डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं झालं. गुडघ्यातली पट्टी गरम होऊन आतून बोलू लागली. पोपट एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी" म्हणत उभा राहिला. घाम वीणेच्या भोपळ्यावर टपकायचा, तो उपरण्यानं पुसायचा. त्याला वाटत होतं, सगळा जन्म याच्यासाठी होता.

उन्हं कलली. संदेश आला नाही. तो आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पान चघळत, मोबाइल खिशात कोंबत, पाया पडल्यासारखं करून त्यानं वीणा घेतली. याला कामधंदा म्हणजे भाऊच्या गाडीत पुढं बसणं. पोपट तसाच अनवाणी चेंबरकडं लंगडत पळाला. डांबर चटके देत होतं. पाड्याचा व्हॉल्व्ह खोलला, पण लाइन भरून नळाला धार यायलाच वेळ जातो. निम्म्या बायांचे हंडे भरले, तोवर अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी संदेश आणखी उशिरा आला. त्या दिवशी पाड्याला करंगळीएवढी धार मिळाली आणि तीही थोडाच वेळ.

शकू नावाची पाड्यातली एक बाई रिकामा हंडा कंबरेवर घेऊन चेंबरपाशी उभी होती. भट्टीवर विटा थापणारी, कोपरापर्यंत वाळलेली माती. ती ओरडली नाही, भांडली नाही. चावी खांद्यावर टाकून निघालेल्या पोपटकडं बघून तिनं फक्त विचारलं, "मिलिटरी, आमचा पानी कुठं गेला?"

देवळात होतो, असं तो पुटपुटला.

"मग देवळात पानी आला असल," शकू म्हणाली आणि हंडा फिरवून चालू लागली.

घरी त्या रात्री वासंतीनं भाकरी वाढली. मग ताटाकडंच बघत म्हणाली, की आपल्या मागच्या दारी दोन पिंपं भरलेली आहेत, ती तिला आज बघवली नाहीत. त्यातला हंडाभर पाड्यावर नेऊन द्यावा असं मनात आलं, पण एक हंडा कुणाकुणाला पुरणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी पोपट पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेला. साहेब पंख्याखाली बसून कलिंगड खात होते. पोपटनं ताठ उभं राहून सगळं सांगितलं आणि सप्ताह संपेपर्यंत दुपारच्या पाळीला दुसरा माणूस मागितला. साहेबांनी बी थुंकून विचारलं, पाड्यातून लेखी तक्रार आली आहे का? आली नव्हती. पाड्यात लिहिणारं कोण होतं? मग अडचण काय आहे, असं साहेब म्हणाले. धार्मिक काम आहे, भाऊंचा स्वतःचा फोन येऊन गेला आहे, थोडं ॲडजस्ट करा. आणि पोपट दाराशी गेल्यावर मागून हसत म्हणाले, "तुम्ही मिलिटरीवाले फार सीरियस असता बुवा."

पोपट तिथून निघाला तो सरळ भाऊच्या ओट्यावर. माझा पहारा सकाळचा करा, नाहीतर मला नकोच, असं सांगायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. ओट्यावर कमिटीची मंडळी बसली होती. महाप्रसादाला बुंदी की लाडू, यावर चर्चा चालली होती. भाऊनं त्याचं अर्धंच ऐकून घेतलं.

"अरे, पाडा कुठं पळून चाललाय का? आज नाय भरला तर उद्या भरतील. भगवंताचा काम आधी का कातकऱ्यांचे हंडे आधी? तूच सांग, माळ घातलीस तू."

मंडळी हसली. त्यातल्या दोघांच्या सोग्यातून पोपटच्या कँटीनची बाटली गेलेली होती. तेच आता मान डोलवत होते, की वीणा मिळायला भाग्य लागतं, आणि ज्याला ती जड होते त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. एकानं तर, घाट्यांना मान पचत नाय, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. मग संदेश आज नक्की वेळेवर येईल, असा शब्द भाऊनं दिला. संदेश बाजूलाच गाडीच्या काचा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

पोपटला राग आला की त्याचे कान लाल व्हायचे. कान लाल करून तो घरी आला, जेवला नाही, पांढरा सदरा घातला. आज त्यानं चावी बरोबर घेतली. देवळाच्या मागच्या भिंतीला ती टेकवून ठेवली, म्हणजे सुटल्यावर घरी जायला नको.

ऊन त्या दिवशी फार होतं. वारा अजिबात नव्हता. भट्टीचा धूर वर न जाता उतारावर पसरला होता आणि मांडवातसुद्धा त्याचा वास येत होता. विश्रामबुवा खांबाला टेकून टाळ वाजवत होते. पोपट नाम घेत होता, पण डोळे रस्त्यावर. सावली मांडवाच्या पायरीपर्यंत आली. पायरी ओलांडून आत आली. भट्टीवरून बाया सुटल्याचा गलका खालून ऐकू आला. मग हंड्यांचा आवाज. मग तोही थांबला, कारण नुसती वाट बघणाऱ्या माणसांचा आवाज होत नाही.

खिशातला मोबाइल वाजू लागला. एका हातात वीणेची तार, दुसऱ्यात चिपळी. पोपटला तो घेता येईना. वाजून वाजून थांबला. तेवढ्यात वासंतीच मांडवात आली, पदर डोक्यावर ओढून. ती जवळ येऊन हळू बोलली.

"संदेश फार्महाउसवर आहे. पाहुणे आलेत, त्यांना कोंबड्या भाजून देतोय. मी डोळ्यांनी बघून आले. तो येत नाही आज."

पोपटनं विश्रामबुवांकडं बघितलं. बुवांनी डोळे उघडले होते. त्यांनी खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला, अर्धवट उठले आणि परत खाली बसले. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"माझ्यानं नाही व्हायचं रे पोपट," बुवा म्हणाले. "पण वीणा टेकवू नको. नाम मोडू नको. बाकी तुला काय करायचं ते कर. मी बघितलं नाही म्हणेन."

"बघितलं म्हणा," पोपट म्हणाला.

आणि तो पायऱ्या उतरला. गळ्यात वीणा, तोंडानं रामकृष्णहरी, तसाच उन्हात. मागच्या भिंतीची चावी वासंतीनं उचलली. तिला ती पेलेना. दोन्ही हातांनी फरफटत, डांबरावर खरडत ती मागून निघाली. दारादारांतून माणसं बघू लागली. वीणा मांडवाबाहेर गेली, वीणा मांडवाबाहेर गेली, अशी कुजबूज त्यांच्याही पुढं धावली. तीन दिवस पाड्याला पुरतं पाणी गेलं नव्हतं तेव्हा या दारांत कुणी उभं नव्हतं. आता प्रत्येक दार भरलं.

चेंबरपाशी बाया रांगेनं बसल्या होत्या, हंड्यांवर हात ठेवून. वीणेवाला बघून त्या उठल्या आणि बाजूला झाल्या. कुणीतरी हात जोडले. पोपट चेंबरच्या कडेला थांबला आणि तिथं त्याच्या लक्षात आलं, की व्हॉल्व्ह एका हातानं फिरत नाही. व्हॉल्व्हच्या स्पिंडलचा गंजलेला खुंट, त्यावर चावी बसवायची, दोन्ही हात आडव्या दांड्याला, पाय रोवून सगळा जोर. वासंतीनं करून बघितलं. चावी स्पिंडलवर बसली, पण तसूभरही हलली नाही. दोघी-तिघींनी मिळून धरलं. त्यांना कुठल्या अंगाला फिरवायचं ते कळेना, आणि चावी निसटून एकीच्या पायावर पडता पडता राहिली.

वीणा टेकवता येत नव्हती. वासंती चावीला हवी होती, धरायला.

त्याच्या सगळ्यात जवळ शकू उभी होती.

"शकू," तो म्हणाला, "ही जरा गळ्यात घे."

शकू मागं सरली. "मी? मिलिटरी, माती बघ माझी. भट्टीवरून तशीच आलेय."

"हात धुऊन घे."

"कशानं धुवू?" शकू म्हणाली.

शकूनंच मग दोन्ही हात लुगड्याला घासले, खूप घासले. ती त्याच्या पाया पडली. पोपट, गुडघा वाकत नव्हता तरी वाकला, तिच्या पायांना हात लावला, आणि वीणा तिच्या गळ्यात घातली. तिला तार कशी छेडायची ते येत नव्हतं. त्यानं एकदा दाखवलं. तिनं बोट लावलं, जरा जोरात, आणि तोंडानं सुरुवात केली. सगळा जन्म देवळाच्या मागच्या अंगाला बसून तिनं कीर्तनं ऐकली होती. नाम तिला कुणी शिकवायला नको होतं. पाड्यातल्या बायांनी मागून उचललं. आवाज भट्टीपर्यंत गेला.

वासंतीनं चावी स्पिंडलवर दाबून धरली, पोपटनं दांड्याला हात घातले, पाय रोवले. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. स्पिंडल करकरला आणि फिरला. आधी वरचा बंद झाला, मग पाड्याचा खुलला. पाइपात हवा खोकली. थोड्या वेळानं पाड्यातल्या नळातून आधी लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. रांग नळाकडं सरकली.

तेवढ्यात भाऊची गाडी आली. मागं मोटारसायकली, त्यांच्यावर कमिटी. संदेशही होता, पांढऱ्या पायजम्यावर कोळशाचे डाग, बोटांना मसाला.

भाऊ गाडीतून उतरला आणि शकूच्या गळ्यातली वीणा बघून जागीच थांबला. त्याच्या तोंडून शिवी येत होती, पण समोर नाम चालू होतं, म्हणून ती त्यानं गिळली. ती गिळलेली सगळ्यांना दिसली.

"बाटवलीस तू वीणा," तो पोपटला म्हणाला. "घाटी तो घाटीच. गावाची अब्रू कातकरणीच्या गळ्यात घातलीस. नोकरी घालवतो का नाय बघ तुझी."

"घालवा," पोपट म्हणाला. त्याचा श्वास अजून बसला नव्हता. "आधी बदली घ्या. तिचा पहारा सुटायची वेळ झालीय."

"काढ ती गळ्यातून."

"काढून कुठं ठेवू? घेणाऱ्यानं पाया पडून घ्यायची असते, भाऊ. तुमच्यातलं कोण घेतंय?"

कमिटीनं एकमेकांकडं बघितलं. किती माळा होत्या तिथं, किती बुक्के, किती टिळे! एकाची कंबर धरली होती. एकानं आज सुतक असल्यासारखा चेहरा केला. एकजण मोबाइल कानाला लावून लांब गेला, आणि त्या मोबाइलवर कुणीच नव्हतं. बुंदी की लाडू यावर ज्यांनी सकाळभर तोंड वाजवलं होतं, त्यांच्यातला एकही आता पुढं सरेना. देवाची वीणा समोर होती, ती हवीही होती, पण तिच्याखाली मातीचे दोन पाय होते.

नाम न थांबवता शकू सगळं बघत होती. पाड्यातून तिच्या पोरीनं हाक मारली. तिनं तार छेडता छेडताच मान वळवली, नळाकडं बघितलं आणि मग भाऊकडं.

"भाऊ, घेता का लवकर?" ती म्हणाली. "माझा नंबर आलाय."

मागं एक बाई फिसकन हसली. मग दुसरी.

भाऊचा चेहरा काळानिळा झाला. त्यानं संदेशचा दंड धरला आणि पुढं ढकलला. तुझीच पाळी होती, असं दातांत बोलला. संदेश नाही नाही करत होता. पण ढकलणारा भाऊ होता आणि गाडीतली पुढची जागा भाऊची होती. चेंबरपाशी पाण्याचं डबकं झालं होतं. संदेश त्या चिखलात पांढऱ्या पायजम्यानिशी टेकला, डोळे मिटले आणि शकूच्या पायांना बोटं लावली. शकूनं शांतपणे वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणं तीही त्याच्या पाया पडायला वाकली. संदेश साप बघितल्यासारखा मागं उडाला. त्या उडण्यात नाम मोडलं असतं, पण बायांनी धरून ठेवलं होतं. शकूनं हंडा उचलला आणि ती नळावर गेली.

मंडळी संदेशला मधे घालून देवळाकडं परतली. वाटेतच ठरलं, की वीणा धुऊन घ्यायची, आणि संदेशलाही. गोमूत्र आणलं, हळद आणली, नवं वस्त्र आणलं. देवळापुढचा नळ सोडला. नळ कोरडा. वरची लाइन बंद होती.

जेवणावळीची पिंपं दुपारी भांडी धुण्यात संपली होती. कुणी म्हणालं, फार्महाउसच्या तलावातलं आणू. त्यात शनिवारपासून कोण कोण चड्डीवर पोहून गेलं होतं, ते संदेशला माहीत होतं. तोच नको म्हणाला. कुणी म्हणालं, नदीवर जाऊ. नदीची वाट पाड्यातून जात होती आणि पाड्यातल्या बाया अजून हसत होत्या. सीलबंद बाटल्यांचाही विषय निघाला, पण खांबाला टेकलेले विश्रामबुवा डोळे न उघडता म्हणाले, की विकत घेतलेल्या पाण्यानं शुद्ध होत नाही, वाहतं पाणी लागतं. असं कुठं सांगितलंय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी भाऊनं पोपटला फोन लावला. पोपट चेंबरच्या कडेवर गुडघा चोळत बसला होता, वासंती शेजारी. भाऊनं या वेळी शिवी दिली नाही. देवाचं काम आहे, वरची लाइन जराशी खोल, नंतर तुझं तू बघ, असं त्यानं सांगितलं.

पोपटनं नळाकडं बघितलं. म्हाताऱ्या होत्या, पोरी होत्या, एकीच्या काखेला मूल होतं.

"रांग आहे अजून," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मांडवात संदेश वीणा गळ्यात घेऊन उभा होता. ती धुतल्याशिवाय दुसरा कुणी हात लावायला तयार नव्हता, आणि टेकवता तर येत नव्हती. त्याच्या बोटांना अजून मसाल्याचा वास येत होता, पाय दुखू लागले होते, आणि आवाज रडका झाला होता. भाऊ हळदीची वाटी हातात धरून नळापाशी उभा होता. कमिटी त्याच्याभोवती होती. खाली पाड्यात शेवटच्या बाईचा हंडा भरेपर्यंत खरवडीची ती सगळी माळकरी मंडळी कोरड्या नळाच्या तोंडाकडं बघत तिष्ठत राहिली.